पीसीओएस : रक्तातील आकडे काय सांगतात?

ठाणे : पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येऊ लागतात, वजन आवाक्याबाहेर जाते. अशा तक्रारी घेऊन ठाणे, डोंबिवली वा कल्याणमधील तरुणी डॉक्टरांकडे जाते, तेव्हा तिच्या हाती अनेकदा रक्तचाचण्यांची लांबलचक यादी पडते. त्यातील काही चाचण्या अत्यावश्यक, तर काही निव्वळ खिशाला चाट लावणाऱ्या असतात. 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' अर्थात पीसीओएस हा विकार कोणत्याही एका आकड्यावरून ठरत नाही.

१९३५मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरद्वयाने सात स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला. आज बहुतांश ठिकाणी २००३चे रॉटरडॅम निकष मानले जातात. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीत दिसणारी बीजांडकोशाची विशिष्ट रचना, या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्यास निदान होते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी केली होती. २०१४मध्ये ती प्रसिद्ध झाली. या निकषांनुसार २२.५ टक्के मुलींना पीसीओएस असल्याचे त्यात दिसले. पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक अनिवार्य मानणारे दुसरे निकष लावताच हेच प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. मुली त्याच, मोजपट्टी तेवढी बदलली!

२०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा क्रम सुटसुटीत केला. पाळी अनियमित असेल आणि राठ केसांसारखी लक्षणे स्पष्ट दिसत असतील, तर अन्य विकार वगळल्यावर निदान होऊ शकते. लक्षणे स्पष्ट नसतील, तेव्हा टेस्टोस्टेरॉन मोजावे लागते. केवळ एकूण टेस्टोस्टेरॉन पाहून मात्र भागत नाही. त्याला रक्तात बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन लठ्ठपणा व वाढलेल्या इन्सुलिनमुळे घटते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. त्यामुळे एकूण आकडा मर्यादेत असूनही चेहऱ्यावर केस येऊ शकतात. दोन्ही मोजून काढलेला 'फ्री अँड्रोजन इंडेक्स' अधिक बोलका ठरतो.

अन्य विकार वगळणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. पाळी लांबल्यास आधी गर्भधारणा नाही ना, हे पाहावे लागते. थायरॉइडचा विकार आणि वाढलेले प्रोलॅक्टिनही पाळी बिघडवतात, त्यांचे उपचार मात्र अगदी निराळे असतात. सकाळी लवकर घेतलेल्या नमुन्यात '१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन' मोजल्यास अधिवृक्क ग्रंथीचा एक आनुवंशिक दोष उघड होतो. तो पीसीओएससारखाच दिसतो आणि पुढे अपत्याच्या नियोजनातही त्याचा विचार करावा लागतो. अल्पावधीतच आवाज घोगरा झाला आणि टेस्टोस्टेरॉन फारच वर गेले, तर गाठीची शंका तातडीने तपासावी लागते.

उलट, एलएच-एफएसएच यांच्या गुणोत्तरावर एकेकाळी मोठी भिस्त होती. रॉटरडॅम निकषांत त्याला स्थान नाही. उपाशीपोटी इन्सुलिन मोजण्याचीही निदानासाठी गरज नाही. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी मोलाची, कारण या स्त्रियांना मधुमेहाचा धोका अधिक असतो.

गेल्या काही वर्षांत एएमएच या चाचणीचा बोलबाला झाला आहे. बीजांडकोशातील लहान पुटिकांतून हे संप्रेरक स्रवते. २०२३च्या सूचनांनी प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीला पर्याय म्हणून त्याला मान्यता दिली. ही चाचणी एकटी पुरेशी नाही, हेही बजावले. किशोरवयीन मुलींत तर ती निदानासाठी वापरूच नये, असे त्या सांगतात. या वयात एएमएच मुळातच जास्त असते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती अनियमित असणेही स्वाभाविक असते. म्हणून दोन्ही प्रमुख लक्षणे नसल्यास त्या मुलीवर पीसीओएसचा शिक्का न मारता तिला 'जोखीम असलेली' मानून पुढे पुन्हा तपासावे, असा सल्ला आहे. लग्नाच्या बाजारात असा शिक्का किती महागात पडतो, हे वेगळे सांगायला नको.

गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना केलेल्या संप्रेरक चाचण्या फसव्या ठरतात. त्या किमान तीन महिने थांबवून नमुना द्यावा, मात्र तो निर्णय डॉक्टरांचाच. या काळात गर्भनिरोधनाची दुसरी सोय हवी. प्रयोगशाळा बदलल्यास अहवालातील एककही तपासावे. प्रति डेसिलिटर ४० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन म्हणजेच प्रति मिलिलिटर ०.४ नॅनोग्रॅम. केवळ आकडे पाहणाऱ्याला मात्र ते शंभर पटींनी उतरल्यासारखे वाटेल.