चाल कुणाच्या बापाची?

सिंधुदुर्गातल्या आपल्या वाडीवाडीत हा वाद नेहमीचा. जयंतीची रात्र. पेटी निघते, ढोलकी निघते. म्हातारे बुवा भीमगीत उचलतात आणि चाल लागते ती थेट भजनाची. मागं बसलेला शिकलेला पोरगा चिडतो. म्हणतो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, मग ही भजनाची चाल कशाला? म्हातारा टाळ खाली न ठेवताच म्हणतो, "चाल काय तेंच्या बापाशीची हा?"

पोराचा प्रश्न खरा आहे. म्हाताऱ्याचं उत्तर इतिहासावर घासून बघू.

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मालकानं बायबल दिलं, तेही मालकाच्या सोयीचं. त्यांनी त्यातून स्वतःची गाणी काढली. पुढं शिकागोत थॉमस डॉर्सी नावाचा ब्लूज वाजवणारा माणूस. १९३२ साली बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ तान्हं पोर गेलं. त्या दुःखात त्यानं 'प्रेशस लॉर्ड' हे गाणं बांधलं. चाल मात्र एका जुन्या गोऱ्या स्तोत्राची, १८४४ सालची. १९६८ साली मार्टिन ल्युथर किंगच्या अंत्ययात्रेला महालिया जॅक्सननं तेच गायलं. चाल गोऱ्यांची होती. रडणं आणि उठणं काळ्यांचं होतं.

त्याच शिकागोतला कर्टिस मेफील्ड. आजी धर्मोपदेशक. १९६५ साली त्यानं 'पीपल गेट रेडी' हे गाणं काढलं. चर्चमधलं गॉस्पेल बाजारातल्या तबकडीवर आलं. गाणं सांगतं, गाडी येतेय, तिकीट लागत नाही, श्रद्धा असली की झालं. तरुण पोरं ते चळवळीत गाऊ लागली.

आता इकडं या. कोकणातच जन्मलेले ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं, कारण मराठी माणसाच्या कानाला तीच वाट ठाऊक होती. आपल्या लोकांनी काय केलं? आधी सत्यशोधकी जलसा, मग भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, मग वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप. प्रल्हाद शिंदे तर विठ्ठलाची गाणीही गायले आणि भीमगीतंही. गळा एकच. आमच्या बापजाद्यांनी देवळातलं भजन अंगणाबाहेर उभं राहून ऐकलं. देऊळ बंद होतं, कान उघडे होते. चाल बाहेर आली ती आमच्या मालकीची झाली. मुंबईच्या चाळींत ती पिकली आणि मे महिन्यात, शिमग्याला चाकरमान्यांबरोबर परत वाडीत आली.

म्हणजे म्हातारा बरोबर? अर्धा.

मेफील्डच्या गाण्यात गाडी आपोआप येते. पण १९६४ चा नागरी हक्काचा कायदा आणि १९६५ चा मतदानाचा कायदा आपोआप आले नाहीत. मोर्चे निघाले, डोकी फुटली, चर्चमध्ये बॉम्ब फुटून १९६३ साली चार मुली मेल्या. गाणं त्या चालत्या पायांना बळ देत होतं, पायांच्या बदली चालत नव्हतं. आपली कोकण रेल्वेसुद्धा १९९८ साली पुरी झाली ती डोंगर फोडून, नवस बोलून नव्हे.

बाबासाहेबांना समूहानं म्हणण्याची ताकद ठाऊक होती. १९५६ साली त्यांनी 'बौद्ध पूजा पाठ' ही पुस्तिका काढली. पण त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात पाचवी प्रतिज्ञाही दिली, बुद्ध विष्णूचा अवतार मानणार नाही. तेव्हा श्रद्धा हवी, पण ती 'तू तार' म्हणणारी नको. 'आम्ही उठतो' म्हणणारी हवी.

म्हणून पोरगाही अर्धा बरोबर. त्यानं चालीवर रागावू नये, शब्द तपासावेत. बाबासाहेबच अवतार झाले, नवसाला पावू लागले, तर ते गाणं भीमाचं नाही, आम्हाला बाहेर ठेवणाऱ्या त्याच देवळाचं आहे. चाल उसनी चालेल. शब्द उसने चालणार नाहीत.

पुढच्या जयंतीला एवढं करा. म्हाताऱ्याकडून चाली शिकून घ्या, तो गेला की त्या जातील. आणि त्यात शब्द तुमचे घाला : सातबाऱ्याचे, शाळेचे, स्मशानाच्या वाटेचे. गाणं संपल्यावर दुसऱ्या दिवशी किती जण बैठकीला येतात ते मोजा.

तेवढीच त्या गाण्याची परीक्षा.