दोन प्रतिमांमधला काळ : मेंदूतील गाठीची वाढ डोळ्यांना कशी दिसू लागली?

१/९
फेब्रुवारी १९३०. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ हा २४ वर्षांचा तरुण आकाशाच्या एकाच भागाची दोन छायाचित्रे आलटूनपालटून पाहत होता. एक २३ जानेवारीचे, दुसरे २९ जानेवारीचे. असंख्य तारे स्थिर होते. एक ठिपका मात्र उडी मारत होता. तो प्लूटो होता.

२/९
या यंत्रामागील तत्त्व साधे होते. दोन्ही प्रतिमा डोळ्यासमोर एकाच जागी आल्या की न बदललेले स्थिर राहते आणि बदललेले हलते. स्मरणशक्तीवर भार पडत नाही. मेंदूच्या वैद्यकाला पुढे हेच तत्त्व उपयोगी पडणार होते.

३/९
क्ष-किरणांत कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून, तर एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडून चित्रे घेतली. पोकळी वा वाहिनी सरकलेली दिसली, की गाठीचे अनुमान निघे.

४/९
डच वैद्य झीडसेस डेस प्लांटेस यांनी १९३४ च्या प्रबंधात वजाबाकीची रीत मांडली. द्रव्य सोडण्यापूर्वीच्या चित्राची उलट प्रत नंतरच्या चित्रावर ठेवायची. हाडे परस्परांना पुसून टाकतात, उरतो तो केवळ फरक.

५/९
१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली. पुढे एमआरआय आले. आता गाठच दिसू लागली आणि तपासणी पुन्हापुन्हा करता येऊ लागली. प्रश्न बदलला : गाठ वाढली का?

६/९
१९९० च्या मॅकडोनाल्ड निकषांनी उत्तराला आकडा दिला. गाठीच्या परस्परांना लंब अशा दोन सर्वांत मोठ्या व्यासांचा गुणाकार २५ टक्क्यांनी वाढला, तर ती वाढ मानावी. ३० मिलिमीटरच्या गोल गाठीत याचा अर्थ व्यासात जेमतेम साडेतीन मिलिमीटरांची भर. घनफळ मात्र सुमारे ४० टक्के वाढलेले.

७/९
एवढासा फरक शेजारी शेजारी मांडलेल्या प्रतिमांत सहज निसटतो. गाठ संथ असेल तर धोका अधिक. दर वेळी केवळ मागच्या तपासणीशी तुलना केली, तर प्रत्येक पायरी ‘बदल नाही’ अशीच भासते आणि काही वर्षांत गाठ बरीच वाढलेली असते. उपचार बदलण्याचा काळ त्यात हातचा जातो.

८/९
याचे कारण डोळ्यांतच आहे. १९९७ मध्ये रोनाल्ड रेन्सिंक व सहकाऱ्यांनी दाखवले की आलटूनपालटून येणाऱ्या दोन चित्रांमध्ये क्षणभर कोरा पडदा आला, तर मोठा बदलही लवकर ध्यानात येत नाही. एका प्रतिमेवरून शेजारच्या प्रतिमेकडे जाणारी नजर अशीच खंडित होते.

९/९
मग टॉमबॉची रीत संगणकावर का लगेच रुळली नाही? तारे जागचे हलत नाहीत. रुग्णाचे डोके दर वेळी थोडे निराळे कलते. मग सारेच हलते आणि वजाबाकीतही खोट्या कडा उमटतात. १९९० च्या दशकात प्रतिमा आपोआप जुळवणाऱ्या गणिती पद्धती आल्या, तेव्हा ही अडचण ओसरली. तरीही दिसलेला प्रत्येक बदल म्हणजे गाठीची वाढ नव्हे. किरणोपचारानंतरची सूजही तशीच दिसू शकते. यंत्र फरक दाखवते, त्याचा अर्थ वैद्यालाच लावावा लागतो. आणि त्यासाठी कालच्या प्रतिमेइतकीच सर्वांत जुनी प्रतिमाही समोर असावी लागते.