साठ सेकंदांची मुदत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑगस्ट २००३. त्या सुमारास ज्यांच्या घरी नवा कॉम्प्युटर आला होता आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलेले होते, त्यांच्यापैकी अनेकांना तो महिना आठवत असेल. इंटरनेट जोडावे, थोडा वेळ जावा आणि पडद्यावर अचानक एक छोटी चौकट यावी. यंत्र बंद होत आहे, चालू काम सेव्ह करा, अशी इंग्रजीत सूचना आणि तिच्या जोडीला उलटे मोजले जाणारे आकडे : साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न... शून्य आले की कॉम्प्युटर बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. परत इंटरनेट जोडले की परत तीच चौकट. तिच्यात ‘एनटी ऑथॉरिटी’ असे भारदस्त नाव असे. कुणा सरकारी खात्यानेच यंत्र बंद करायला घेतले की काय, अशी शंका यावी. प्रत्यक्षात ते विंडोजने स्वतःसाठी ठेवलेले नाव होते.

या घटनेमागे एक ‘वर्म’, म्हणजे संगणकी किडा होता. त्याचे नाव ब्लास्टर. तो ११ ऑगस्ट २००३ रोजी जगभर पसरू लागला. पण घरचा कॉम्प्युटर वारंवार स्वतःहून बंद-चालू होणे, हे दुखणे ब्लास्टरपेक्षा जुने आहे आणि त्याच्यानंतरही ते गेलेले नाही. आज त्याचा इतिहास पाहायचा, तो एका कारणासाठी. या दुखण्यात यंत्र सहसा वाचते. जाते ते आपण यंत्रात साठवलेले.

तीन बटणांची युक्ती

कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करणे हा मुळात इंजिनिअर मंडळींच्या सोयीचा मामला होता. आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणला. तो तयार होत असताना प्रोग्राम सारखे अडकायचे. दरवेळी वीज बंद करून पुन्हा चालू केली, की यंत्र आपली स्मृती पहिल्यापासून तपासत बसे आणि वेळ जाई. म्हणून डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकत्र दाबण्याची युक्ती काढली. बटणे मुद्दाम अशी निवडली, की चुकून एका हाताने ती दाबली जाऊ नयेत. कारण एकदा ती दाबली, की पडद्यावरचे न साठवलेले सारे काम पुसले जाई.

दुसरी सोय यंत्राच्या पोटातच होती. डब्यातला वीजपुरवठ्याचा भाग, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘एसएमपीएस’ म्हणतात, तो मदरबोर्डला एक खूण सतत पाठवत असतो : वीज ठीक आहे. व्होल्टेज ढासळले, की ही खूण थांबते आणि यंत्र स्वतःला ‘रीसेट’ करते. अर्धवट विजेवर चुकीची गणिते करत राहण्यापेक्षा पहिल्यापासून सुरुवात करणे बरे, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी कॉम्प्युटर वापरला, त्यांना याचा अनुभव आहे. संध्याकाळी पंप सुरू व्हावा, दिवे क्षणभर मंद व्हावेत आणि कॉम्प्युटरने पुन्हा कंपनीचे बोधचिन्ह दाखवावे. ट्यूबलाइट मात्र विझलेलीही नसे.

तिसरी सोय विंडोजने केली. काही गंभीर बिघाड झाला की पूर्वी निळा पडदा यायचा आणि तसाच राहायचा. त्यावरची इंग्रजी अक्षरे आणि आकडे पाहून निदान कळायचे. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये अशा वेळी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होईल, अशी व्यवस्था आधीपासूनच करून ठेवलेली होती. निळा पडदा क्षणभर चमके आणि नाहीसा होई. त्यामुळे घरच्या माणसाला दिसे ते एवढेच, की कॉम्प्युटर सारखा बंद-चालू होतो आहे. रोग्याने काय होते ते सांगण्याआधीच पांघरूण ओढून घ्यावे, तसा हा प्रकार होता.

किड्याचा चुकलेला नेम

आता ब्लास्टरकडे परत येऊ. गंमत अशी, की यंत्र बंद पाडणे हा त्या किड्याचा हेतूच नव्हता. विंडोजमध्ये एका यंत्राने दुसऱ्याला काम सांगण्यासाठी एक सेवा सतत चालू असते. तिच्यात एक भोक सापडले होते. मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी त्यावर ठिगळ, म्हणजे ‘पॅच’ दिला होता. पण घराघरांत तो बसवला कुणी? सव्वीस दिवसांनी ब्लास्टर त्याच भोकातून शिरू लागला. त्यासाठी ईमेल उघडण्याचीही गरज नव्हती. इंटरनेट जोडलेले असणे पुरेसे होते. समोरच्या यंत्रावर विंडोज २००० आहे की एक्सपी, याचा तो अंदाज बांधून हल्ला करी. अंदाज चुकला की ती सेवाच कोसळे. आणि ही सेवा कोसळली, तर एका मिनिटाने यंत्र पुन्हा सुरू करावे, असे विंडोजला शिकवलेले होते. म्हणजे साठ सेकंदांची ती चौकट हा किड्याचा पराक्रम नव्हता. नेम चुकल्यावर विंडोजने केलेली ती सावरासावर होती. विंडोज ९८ मध्ये ही सेवा तशी नसल्याने जुन्या यंत्रांचे मालक त्या वेळी निश्चिंत राहिले.

यात घरच्या माणसाची मोठी कोंडी झाली. उपाय इंटरनेटवर आणि रोगही इंटरनेटवर. ठिगळ उतरवून घेण्याइतका वेळ कॉम्प्युटर चालूच राहत नसे. तेव्हा जाणकारांनी एक मंत्र सांगितला. ‘रन’च्या खिडकीत शटडाऊन हा इंग्रजी शब्द, पुढे एक आडवी रेघ आणि ए हे अक्षर लिहायचे. एवढ्याने उलटी मोजणी थांबे आणि पुढची कामे करता येत. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४ च्या अखेरीस, सॅसर नावाचा दुसरा किडा आला आणि तीच साठ सेकंदांची चौकट परत दिसू लागली. तो जर्मनीतल्या एका विद्यार्थ्याने लिहिला होता. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीची मोठी दुरुस्ती आणली आणि तिच्यात संरक्षक भिंत, म्हणजे ‘फायरवॉल’, आपोआप चालू राहील असे केले. त्यानंतर या जातीच्या किड्यांना घरात शिरणे अवघड झाले.

फुगलेले डबे

पण त्या काळात प्रत्येक रीस्टार्टला व्हायरस हे उत्तर देणारेही फसत होते. कारण त्याच वर्षांत मदरबोर्डवर एक वेगळीच साथ चालू होती. मदरबोर्डवर छोट्या उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचे काम वीज एकसारखी ठेवण्याचे. १९९९ च्या आसपासपासून पुढची काही वर्षे तयार झालेल्या अनेक कपॅसिटरमधले द्रावण सदोष होते. आत वायू तयार होऊन त्यांची डोकी फुगत, कधी फुटून तपकिरी चिकट डाग पडत. असा कॉम्प्युटर सुरू होई, थोडा चाले आणि कारण नसताना पुन्हा सुरू होई. मोठमोठ्या कंपन्यांनाही याचा फटका बसला. डेल कंपनीने २००५ मध्ये सदोष यंत्रांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या ‘असेम्बल’ कॉम्प्युटरच्या मागे अशी कंपनी कुठून असणार!

म्हणून चांगला दुरुस्तीवाला आधी एकच प्रश्न विचारी : नेमका कधी बंद होतो? विंडोजचे चित्र येण्याआधीच बंद होत असेल, तर एसएमपीएस, रॅम किंवा मदरबोर्ड पाहायचा. दहा-पंधरा मिनिटे चालून बंद होत असेल, तर पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापतो आहे का, ते पाहायचे. ‘सेफ मोड’मध्ये नीट चालतो आणि एरवी नाही, तर एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम बिघडलेला. इंटरनेट जोडल्यावरच बंद होतो, तर किडा. मग डब्याचे झाकण उघडून कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का, हे बघायचे. या तपासणीला फार खर्च नव्हता. वेळ आणि धीर मात्र लागे.

‘फॉरमॅट मारा’

हा धीर नसला, की त्या काळातले सर्वांत प्रसिद्ध औषध दिले जाई : फॉरमॅट मारा. म्हणजे हार्ड डिस्क पुसायची आणि विंडोज नव्याने घालायचे. अनेकदा कॉम्प्युटर खरेच बरा होई. पण ‘सी’ ड्राइव्हवर ‘माय डॉक्युमेंट्स’ या कप्प्यात ठेवलेले मुलीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, निम्मा लिहून झालेला प्रबंध हे सगळे त्यात जाई. आणि दुखणे कपॅसिटरचे असेल तर फायली जाऊनही कॉम्प्युटर बंद-चालू होतच राही.

वास्तविक उपाय हाताशी होते. बिघडलेल्या यंत्रातली हार्ड डिस्क काढायची, तिच्यावरचा ‘जंपर’ सरकवून तिला ‘स्लेव्ह’ करायची आणि दुसऱ्या चालत्या कॉम्प्युटरला जोडायची. फायली तिथून उतरवून घेता येत. दुसरा मार्ग जर्मनीतून आला. क्लाउस नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ नावाची सीडी तयार केली. त्या एका सीडीवरून अख्खी लिनक्स प्रणाली चाले. हार्ड डिस्कवर काहीही बसवावे लागत नसे. विंडोज सुरू होत नसले, तरी ही सीडी घालून फायली पाहता येत आणि दुसरीकडे नक्कल करता येत. घर पडायला आले असताना खिडकीतून सामान बाहेर काढावे, तसे हे काम होते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी यात एक पेच अधिकचा होता. त्या काळी बहुतेक मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये लिहिलेला असे. फाइल वाचली तरी तो फॉन्ट मागेच राहिला, तर नव्या यंत्रावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसे. फॉन्ट ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो, तो विंडोजच्या स्वतंत्र कप्प्यात असतो. त्यामुळे फायलींबरोबर फॉन्टही उचलावा लागे, हे अनेकांना मजकूर हरवल्यावरच कळले. आज कुणाच्या कपाटात तशी जुनी सीडी असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे, हेही फायली वाचवण्याचेच काम आहे.

हार्ड डिस्कमधला मजकूर किती चिवट असतो, याचे थक्क करणारे उदाहरण त्याच २००३ सालातले आहे. १ फेब्रुवारीला कोलंबिया हे अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क त्या यानात होती. ती काही महिन्यांनी अवशेषांत जळालेल्या, वितळलेल्या अवस्थेत सापडली. आत धूळ गेली होती, पण चकत्यांचा मजकूर असलेला भाग शाबूत होता. तज्ज्ञांनी चकत्या स्वच्छ करून नव्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून कोसळलेल्या डिस्कमधला मजकूर वाचला. घरातल्या सुस्थितीतल्या डिस्कमधला मजकूर मात्र आपण एका ‘फॉरमॅट’ने घालवत होतो.

आजचे कुलूप

हा इतिहास संपलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर कोसळून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. आपल्याकडे विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावरचा उपाय जुनाच होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढायची. पण अनेक ठिकाणी डिस्कला सांकेतिक कुलूप असल्याने आधी त्याची ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. घरच्या नव्या लॅपटॉपलाही असे कुलूप असू शकते. ही ‘रिकव्हरी की’ नसेल तर डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडूनही काही वाचता येणार नाही. तेव्हा ती कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. शिवाय आताच्या एसएसडी डिस्कवर पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता जुन्या डिस्कपेक्षा बरीच कमी असते.

डिस्क जाण्याआधी इशारा देईल, या भरवशावरही राहू नये. गुगलने एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी अंतर्गत तपासणीतल्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

तेव्हा कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होऊ लागला, तर क्रम साधा ठेवावा. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे. आवाज नसेल तर आधी फायली बाहेर काढाव्यात, नंतर कारण शोधावे आणि सर्वांत शेवटी, तेही नक्कल हाती आल्यावर, फॉरमॅटचा विचार करावा. रीस्टार्ट होऊन यंत्र स्वतःला सावरते. आपल्या फायली सावरणे हे काम त्याच्याकडे कुणी दिलेले नाही. ब्लास्टरच्या चौकटीने त्यासाठी निदान साठ सेकंद तरी दिले होते. एरवी तेवढीही मुदत मिळत नाही. म्हणून फायलींची दुसरी प्रत आज, यंत्र नीट चालत असतानाच करून ठेवलेली बरी.