१ जूनची मुले आणि बारा वर्षांचा नौसैनिक

यंदाही १ जूनला मुलीचा सकाळी सकाळी फोन आला, "बाबा, हॅपी बर्थडे!" आमच्या वयाच्या वाचकांना यातली गंमत लगेच कळेल. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचाच! खरे तर मी श्रावणातला. पण काकांनी शाळेत नेले तेव्हा गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. बोटे कानाला लागली, आणि गुरुजींनी रजिस्टरात १ जून लिहून टाकले. पुढे शिक्षक झाल्यावर मीही अशा कितीतरी तारखा लिहिल्या.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे नुकतीच वाचलेली कॅल्विन ग्रॅहॅम या अमेरिकन मुलाची हकिगत. काही दिवस ती डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा लेख.

कॅल्विनचा जन्म ३ एप्रिल १९३० चा, टेक्सासमधल्या कँटन गावचा. भावंडे सात. सावत्र बाप मारकुटा. म्हणून तो आणि मोठा भाऊ घर सोडून स्वस्तातल्या खोलीवर राहू लागले. वर्तमानपत्रे विकायची, तारा पोचवायच्या आणि शाळेतही जायचे. पेपर विकता विकता युद्धाच्या बातम्या डोळ्यांखालून जात. त्यातच नात्यातली काही मुले लढाईत गेल्याचे कळले आणि याने ठरवले, आपणही जायचे.

आरमारात भरती व्हायला आईबापांच्या संमतीने १७ वर्षे पुरी लागत. हा बारा वर्षांचा! पण अकराव्या वर्षापासूनच दाढी करायला लागला होता, म्हणजे थोराड दिसू. आईची खोटी सही केली, एका हॉटेलातून नोटरीचा शिक्का पळवला, भावाचे कपडे आणि हॅट चढवली, घोगऱ्या आवाजात बोलायचा सराव केला. नातेवाइकांकडे जातो असे आईला सांगितले आणि १५ ऑगस्ट १९४२ ला भरतीच्या रांगेत उभा राहिला.

त्याला भीती होती ती दाताच्या डॉक्टरची. दात खोटे बोलत नाहीत ना! डॉक्टरने तोंडात पाहून ओळखलेच, हा बारा वर्षांचा आहे. कॅल्विन हटेना. पुढची मुलेही सतराची नाहीत, त्यांना कसे सोडले, असा वाद घालू लागला. शेवटी डॉक्टरला त्याच्याशी हुज्जत घालायला वेळ नव्हता, त्याने सोडून दिले. हे कॅल्विननेच पुढे सांगितले आहे.

त्याची नेमणूक झाली 'साउथ डकोटा' या युद्धनौकेवर, विमानविरोधी तोफेवर. २६ ऑक्टोबर १९४२ ची सांताक्रूझ बेटांची लढाई त्याने पाहिली. मग १४ नोव्हेंबरच्या रात्री ग्वादालकॅनालजवळ जपानी आरमाराशी गाठ पडली. नौकेवरची वीज गेली आणि २५ हून अधिक गोळे तिच्यावर येऊन आदळले. कॅल्विनच्या जबड्यात आणि तोंडात गोळ्याचे तुकडे घुसले, तो तीन मजले खाली फेकला गेला. तशा अवस्थेत त्याने जखमींना ओढून बाहेर काढले. मेलेल्यांच्या कमरेचे पट्टे काढून जिवंत असलेल्यांचे रक्त थांबवायला बांधले. रात्रभर त्यांच्याशी बोलत बसला. वय वर्षे बारा! आपल्याकडे या वयाचे मूल सातवीत असते.

पुढे आईने आरमाराला खरे वय कळवले. आणि मग काय झाले असेल? त्याला टेक्सासमध्ये कॉर्पस ख्रिस्ती येथे जवळजवळ तीन महिने कोठडीत ठेवले. बहिणीने वर्तमानपत्रांकडे जाण्याची धमकी दिली तेव्हा सुटका झाली. १९४३ साली, तेरावे लागल्यावर, त्याला काढून टाकले. पदके गेली, माजी सैनिकाच्या सवलती गेल्या.

तो परत शाळेत गेला, पण बरोबरीच्या मुलांसारखा अभ्यास जमेना. शाळा सुटली. चौदाव्या वर्षी लग्न, पुढच्या वर्षी बाप, ह्यूस्टनच्या गोदीत वेल्डिंग. मोठा झाल्यावर मरीन दलात गेला, तर १९५१ मध्ये धक्क्यावरून पडून पाठीचे हाड मोडले. सन्मानाने सेवामुक्तीचा कागद मिळायला १९७८ साल उजाडले, तेव्हा कार्टर अध्यक्ष होते. अपंगत्वाच्या सवलतींसाठी १९८८ मध्ये रेगन यांना कायद्यावर सही करावी लागली. १९९२ मध्ये कॅल्विन गेला. जखमी सैनिकाला मिळणारे 'पर्पल हार्ट' त्याच्या कुटुंबाच्या हाती पडले १९९४ मध्ये!

तो खोटे बोलला, हे खरेच. पण त्याचे खोटे ओळखणारा एक माणूस त्या रांगेत होता आणि त्याला वेळ नव्हता. शिक्षा मात्र एकट्या कॅल्विनला.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवते. १९८४ साली नववीतल्या एका मुलाचे वडील माझ्याकडे आले होते. कोरडवाहू जमीन, खाणारी तोंडे पाच. "गुरुजी, दाखल्यावर दोन वर्षे वाढवून द्या, पोरगं मिलिट्रीत लागंल. आकड्याचाच तर प्रश्न हाय." मी साफ नकार दिला. नियम सांगितला आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो. खोटा दाखला दिला नाही याचा मला बरीच वर्षे अभिमान होता.

दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. कुठेतरी कामाला लागला असे मुले म्हणाली. त्याचे घर शाळेपासून फार लांब नव्हते, पण मी गेलो नाही. पोराला शाळा का सोडायची आहे, फी माफ करून, पुस्तके देऊन काही होईल का, हे बापाला विचारलेही नाही. कॅल्विनच्या डॉक्टरने होकार दिला, मी नकार दिला. पण त्या दिवशी वेळ मलाही नव्हता.

असो. तुमच्यापैकी कोणी १ जूनचे असाल तर जरूर लिहा. आणि रजिस्टरात तुमची तारीख लिहिणारे गुरुजी आठवत असतील, तर तेही लिहा.