तळटीप १४ : ‘जबडा मागे घेणे’

१४. जबडा मागे घेणे : पुढे आलेला जबडा कापून योग्य जागी बसवण्याची शस्त्रक्रिया. हाड टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. छेद बहुधा तोंडाच्या आतून घेतात. खालच्या जबड्याची आजची पद्धत झुरिचच्या हुगो ओबवेगेसर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. घास नीट चावता यावा हाही हेतू असतो, केवळ रूप नव्हे. वाढ थांबेपर्यंत, साधारण अठराव्या वर्षापर्यंत, ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत; आधी बरेच महिने दातांना तारा असतात. तेव्हा मूळ मजकुरातला ‘थांबा’ हा सल्ला टाळाटाळीचा नाही. त्याच मजकुरातले जवळा बाजार हे गाव (ता. औंढा नागनाथ) १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, नंतर हिंगोलीत. त्यातले शासकीय दंत महाविद्यालय औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) आहे.