अमीचंद विरुद्ध बार्कर : थकलेला हिशेब आणि शपथेचें प्रामाण्य

थकलेलीं येणीं आणि मोडलेले करार यांचे कागद दप्तरांतून निघाले म्हणजे रकमेची नोंद करून ते बहुधा बाजूस ठेवण्यांत येतात. संशोधकास ते रुक्ष वाटतात. परंतु अशाच एका दाव्यांत, आमच्या देशांतील साक्षीदाराचा शब्द इंग्लंडच्या न्यायासनानें ऐकावा कीं नाहीं, हा प्रश्न निर्णीत झाला. इ. स. १७४४ मधील ‘अमीचंद विरुद्ध बार्कर’ तो हा दावा होय.

हकीकत अशी. अमीचंद हा कलकत्त्याचा सधन व्यापारी. बार्कर नांवाच्या इंग्रजाशीं त्याची देवघेव होती. बार्करनें हिशेब न चुकवितां कलकत्ता सोडलें व पुढें तो मरण पावला. तेव्हां त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर अमीचंदानें इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयांत फिर्याद केली. साक्षीदार बंगाल्यांत, सबब जबान्या घेण्यासाठीं तेथें कमिशन नेमलें गेलें. साक्षीदारांनीं ब्राह्मणाच्या पायास हात लावून शपथ घेतली. जे स्वतः ब्राह्मण होते त्यांनीं त्याच्या हातास स्पर्श केला. इ. स. १७२६ च्या सनदेनें मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें मेयरचीं न्यायालयें स्थापन झालीं होतीं. हिंदूंच्या शपथेची हीच रूढ रीत कलकत्त्याच्या न्यायालयांत चालते, असा दाखला कमिशनरांनीं दिला.

प्रतिवादीचा आक्षेप असा कीं, ख्रिस्ती नसलेल्याची साक्ष हा पुरावाच नव्हे. त्यास आधारहि भक्कम होता. सर एडवर्ड कोक यानें इ. स. १६२८ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ख्रिस्तेतरास साक्षीस अपात्र ठरविलें होतें. चान्सेलर लॉर्ड हार्डविक यानें ली, विल्स व पार्कर या तीन वरिष्ठ न्यायाधीशांस साहाय्यास घेऊन कोकचें हें मत बाजूस सारलें. ईश्वर पाहत आहे व असत्यास तो दंड करील ही श्रद्धा हेंच शपथेचें सार. तिचें बाह्य रूप देशोदेशीं भिन्न असावयाचेंच. सबब जबान्या ग्राह्य ठरल्या.

या निर्णयाचें मोल मात्र वाजवीहून फुगवूं नये. साक्ष ग्राह्य धरणें वेगळें आणि तिजवर ख्रिस्ती साक्षीइतका विश्वास ठेवणें वेगळें, हा भेद विल्सनें राखलाच होता. शिवाय इ. स. १७५७ त क्लाइव्हनें तांबड्या कागदावरील खोट्या तहानें ज्यास फसविलें, तो हाच अमीचंद असें सामान्यतः मानितात. त्या कागदावर ॲडमिरल वॉटसननें सही नाकारली, तेव्हां त्याचें नांव दुसऱ्याकडून घालविलें गेलें. एका इंग्रजाचें देणें वसूल करण्यास ज्यास न्यायासन मिळालें, त्यास दुसऱ्या इंग्रजाच्या वचनभंगाबद्दल दाद लागली नाहीं.

शपथ घेणाऱ्याच्या अंतःकरणास जें बांधील तेंच रूप तिला द्यावें, हा विचार आमच्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ब्राह्मणास सत्याची, क्षत्रियास वाहनायुधांची, वैश्यास गाय, बीज व सुवर्ण यांची आणि शूद्रास सर्व पातकांची शपथ सांगितली आहे. ही व्यवस्था वर्णभेदावर उभारलेली आहे हें उघडच आहे. पण जो ज्यास भितो त्याचीच त्यास आण घालावी, हें तत्त्वहि तिच्यांत दिसतें. आमच्याकडे बेलभंडार उचलून घेतलेली शपथ त्याच जातीची.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, निवाडे व महजर उतरून घेतांना शपथेचा मजकूर ठराविक समजून गाळूं नये. कोणी, कोठें, कशास हात लावून शपथ वाहिली, हें अक्षरशः नोंदवावें. रकमेवरून एका व्यापाऱ्याची थकबाकी कळते. त्या ओळीवरून त्या समाजांत शब्द कशानें खरा ठरत असे तें कळतें.