शब्दसादृश्याचे आलेखन

दोन शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत हे संगणकाने आकड्यांत मोजायचे आणि ते अंतर नकाशासारखे कागदावर मांडायचे, अशी पद्धत.

मोजपट्ट्या अनेक आहेत. लेव्हेनश्टाइन यांच्या १९६५ च्या पद्धतीत एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात ते मोजतात. त्या हिशेबाने ‘वाशी’ला ‘काशी’ अगदी लगतची, आणि वाशीच्याच हार्बर रेल्वेमार्गावरचे ‘नेरूळ’ पार परके. शुद्धलेखन तपासायला एवढे पुरते, अर्थाची जवळीक मोजायला नाही. मुंबईच्या आयआयटीत हिंदीच्या आधारे उभारलेल्या मराठी वर्डनेटमध्ये समानार्थी शब्दांचे गट अर्थसंबंधांनी जोडलेले आहेत. तिथे गटागटांमधले टप्पे मोजता येतात. माणसांनी पारखलेले म्हणून ते भरवशाचे, पण नव्याने रुळणाऱ्या शब्दांच्या मागे राहणारे.

आज चलती आहे ती संगतीवरून अर्थ ओळखण्याची. वाक्यांत शेजारी येणाऱ्या शब्दांवरून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक माळ, म्हणजे सदिश, मिळते. समजा, एका कल्पित मजकुरात ‘लोकल’ आणि ‘घाट’ हे शब्द ‘वाशी’जवळ ३ व १ वेळा, ‘नेरूळ’जवळ ६ व २ वेळा आणि ‘काशी’जवळ १ व ३ वेळा आले. या जोड्या आलेखावर बाणांनी काढल्या तर वाशी आणि नेरूळ एकाच दिशेला जातात. दोन बाणांमधल्या कोनाची कोज्या हे सादृश्य: वाशी–नेरूळ १, वाशी–काशी ०.६. नेरूळचा बाण दुप्पट लांब असला तरी फरक पडत नाही. मोजली जाते ती दिशा.

प्रत्यक्षात मिती दोन नसतात. २०१८ मध्ये १५७ भाषांसाठी खुल्या झालेल्या फास्टटेक्स्ट सदिशांत मराठीही आहे, आणि तिथे प्रत्येक शब्दाला ३०० आकडे आहेत. ही पद्धत शब्दाचे तुकडेही विचारात घेते, त्यामुळे ‘वाशीला’, ‘वाशीहून’ ही रूपे मूळ शब्दापासून फार दुरावत नाहीत. विभक्तिप्रत्यय जोडून लिहिणाऱ्या मराठीला हे विशेष सोयीचे. मात्र ‘वाशीम’ हे वेगळ्याच गावाचे नावही त्याच ओढीने थोडे जवळ सरकू शकते.

३०० मिती कागदावर उतरवायला १९०१ पासूनचे प्रमुख-घटक विश्लेषण किंवा २००८ मधील टी-एसएनई वापरतात. टी-एसएनईच्या चित्रात एका पुंजक्यातले शेजार बरेचसे खरे असतात, पण दूरदूरच्या पुंजक्यांमधले अंतर पट्टीने मोजण्यात अर्थ नसतो. सुबक चित्र पाहून अनेकजण नेमके तेच करतात.

एका शब्दाला एकच सदिश दिला की नावे एकमेकांत मिसळतात. बेलापूर नवी मुंबईत आहे तसे श्रीरामपूर तालुक्यातही. वाशी नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे. एका नावाच्या दोन गावांचा मिळून एकच ठिपका पडतो, आणि तो दोन्ही गावांना लागू पडत नाही. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाचे महाबर्ट (२०२२) यांसारखी प्रारूपे वाक्य पाहून प्रत्येक वापराला वेगळा सदिश देतात. तिथे आलेखावर ‘बेलापूर’चे दोन पुंजके पडण्याची शक्यता असते: एक लोकल, सिडको, पनवेल यांच्या बाजूला, दुसरा ऊस आणि साखर कारखान्याच्या.